वजन उचललं, म्हणजे झेललंही?

बसू नका, उभेच राहा. काल तासगावच्या काकांचा गुडघा फरशीवर आपटला तेव्हाही तुम्ही चौघं उभेच होतात, आणि चौघांचं उत्तर एकच: "मॅडम, हार्नेस होता की!"

वजन किती उचललं होतं, विचारलं. "चाळीस टक्के" हे पाठ होतं. पडण्याची मर्यादा कुठे लावली होती, विचारलं. एकमेकांची तोंडं बघायला लागलात. इंटर्नशिपला आलात ना? मग भार हलका करणं वेगळं आणि पडणाऱ्याला झेलणं वेगळं, हे अजून मीच सांगायचं? काका 60 किलोचे. यंत्राने 24 किलो उचलले, 36 किलो त्या अर्धांगवायूच्या पायावरच राहिले. गुडघ्याने दगा दिला की ते 36 किलो खाली जाणारच, आणि यंत्र आपले 24 किलो इमानेइतबारे उचलत राहणार. अडवायचं काम मर्यादेचं. ती सकाळी कोरेगावच्या पेशंटला खुर्चीवर बसण्या-उठण्याचा सराव देताना सारखी अडते म्हणून तुम्हीच खाली नेलीत, आणि तशीच ठेवून चहाला गेलात.

पेशंट बदलला, सेटिंग बदललं. व्यायाम बदलला, तरी बदललं. पहिलं पाऊल टाकायच्या आधी दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून पेशंटला सावकाश गुडघे वाकवायला लावायचे आणि पट्टा कुठे अडतो ते डोळ्यांनी बघायचं. गुडघे जमिनीपासून वर राहिले पाहिजेत. पडद्यावरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. आणि मर्यादा फार वर ठेवून पेशंटला टांगून चालवायची हुशारीही नको. पाय जमिनीला नीट लागत नाहीत, मग तो शिकतो काय?

पट्ट्यांचं तर बोलायलाच नको. आजींच्या लुगड्याच्या घोळावरून हार्नेस आवळता आणि दहा मिनिटांनी तो काखेत चढतो. पायजमा घालून यायला सांगायची लाज वाटते? आदल्या दिवशी सुनेला सांगा. भार उचलल्यावर पट्टे पुन्हा आवळायचे. लघवीची नळी असेल तर मांडीच्या पट्ट्याखाली दाबली जात नाही ना ते बघायचं. मणक्याच्या पेशंटला कातडं सोललं तरी कळत नाही. सोडल्यावर तुम्ही बघायचं.

आणि ट्रेडमिल! हार्नेसने माणूस अडवला म्हणून खालचा पट्टा आपोआप थांबेलच, हे कुणी सांगितलं? तो फिरत राहिला तर लटकलेल्या माणसाची नडगी खरवडून निघेल. थांबवायच्या बटणाजवळ एक जण हवा. त्याच्या हातात मोबाइल दिसला तर तो माझ्या टेबलावर जमा होईल.

इतकी मिजास कसली या यंत्राची? अमेरिकेत पक्षाघाताच्या 408 रुग्णांवर चाचणी झाली, 2011 साली निकाल आला: घरी फिजिओथेरपिस्टने करून घेतलेल्या व्यायामापेक्षा भार उचलून ट्रेडमिलवर चालवणं सरस ठरलं नाही. त्यातले निम्म्याहून जास्त रुग्ण वर्षभरात एकदा तरी पडले. काका उद्या घरी जाणार. मोरीच्या छताला पट्टा नाही. इथे निर्धास्त वाटलं तर घरी पाय टाकतील. इथेच आपटले की खाट धरतील. काल त्यांनी पुढची फेरी नको म्हटलं, ऐकलंत ना?

मिरजेला 1894 पासून लोक डोळे मिटून जीव सोपवत आलेत. ती पुण्याई तुम्ही कमावलेली नाही, निदान खर्च तरी करू नका.

आज काकांच्या घरच्यांना काय चुकलं ते स्पष्ट सांगायचं, गुळमुळीत नको. नोंदवहीत ते लिहायचं, आणि यापुढे प्रत्येक पेशंटच्या नावासमोर भार आणि मर्यादा असे दोन आकडे. उद्या पहिला पेशंट यायच्या आधी चौघांनी एकेक करून हार्नेस चढवायचा आणि स्वतः गुडघे सोडायचे. मर्यादा तुमची तुम्ही लावायची. आठ वाजता या.