चाकू कशाला हवा?

भाचीचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत पेरू कापत होतो. "मामा, तुझ्याकडे आहे तसा एक चाकू मला घेऊन दे," ती म्हणाली. "छोटा, मिटता. पर्समध्ये आहे हे कुणाला कळणार नाही असा."

ती दीड वर्षापूर्वी साताऱ्याहून बेंगळुरूला आली. आउटर रिंग रोडवरच्या एका कंपनीत आहे. आठवड्यातले तीन दिवस तिची पाळी रात्री साडेदहाला संपते, आणि कंपनीची गाडी तिला जिथे सोडते तिथून तिच्या खोलीपर्यंत सात-आठ मिनिटं चालावं लागतं. या रस्त्याबद्दल ती फोनवर एक शब्दही बोलली नाही. मीही विचारलं नाही. "बघतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चिकपेटच्या एका गल्लीत स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काचेवर पाच-सहा मिटते चाकू मांडले आणि विचारलं, "याके बेकु?" कशाला हवा? धंद्यातला साधा प्रश्न. फळांसाठी म्हटलं तर तो एक दाखवेल, दोऱ्या-सुतळ्या कापायला म्हटलं तर दुसरा. "हण्णु कट् माडोदक्के," मी म्हणालो. फळं कापायला. आणि शब्द तोंडातून बाहेर पडता पडताच मला कळलं की मी खोटं बोललो. चाकू न घेताच घरी आलो.

गेली तीस वर्षं माझ्या खिशात लाल मुठीचा स्विस चाकू आहे. पातं जेमतेम अडीच इंच. तो कशाला हवा, असं मला कुणी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर अडखळलोही नसतो. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये सैन्याला जे चाकू पुरवले त्यांचीच ही औलाद. गंमत म्हणजे सैनिकासाठी बनूनही तो लढायला नव्हताच. डबे उघडायला आणि बंदुकीचे स्क्रू काढायला होता. माझा तर पार्सलं, आंबे, नारळपाण्याचा फुटका स्ट्रॉ आणि दर गणपतीला मखराचा थर्माकोल यांवरच जगला.

तोही खिशात दिसत नाहीच. मग भाचीच्या "कुणाला कळणार नाही असा" या अटीने मी का अडलो? मी चाकू खिशात ठेवतो तो भिडेखातर. बसमध्ये, लिफ्टमध्ये शेजारच्याला पातं दिसलं तर तो उगाच दचकेल, म्हणून. पण उपाहारगृहात शेजारच्या टेबलावरून कुणी "चाकू आहे का हो?" म्हटलं, तर मी तो लगेच काढून देतो. भाचीला हवा असलेला चाकू असा देता येणार नाही. दिला की कळला, आणि कळला की त्याचं काम संपलं. लपवण्यालपवण्यात हा फरक आहे, आणि मराठीने दुसऱ्या प्रकारासाठी वेगळा शब्दच करून ठेवला आहे: गुप्ती. काठीच्या पोटात दडवलेलं पातं. त्याचं नाव ना त्याच्या धारेवरून पडलं, ना लांबीवरून. लपण्यावरून पडलं.

त्या आठवड्यात मी चाकू निवडण्याचा विचार फार केला. नुसतं मापांचं काम वाटलं होतं. पण प्रत्येक मापापाशी पुन्हा तोच दुकानदार उभा.

आधी लांबी. शस्त्रांच्या आपल्या केंद्रीय नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गणना धारदार शस्त्रांत होते. त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वगळलेली आहेत. १९५९ च्या मूळ कायद्यातही केवळ घरगुती वा शेतीच्या वापराच्या वस्तूंना शस्त्र म्हटलेलं नाही, आणि उदाहरण म्हणून चक्क लाठी आणि साधी हातातली काठी दिली आहे. म्हणजे कायदाही पट्टी ठेवण्याआधी "याके बेकु" विचारतो. दिल्लीत मात्र १९८० च्या अधिसूचनेने बटणाचे, स्प्रिंगचे, गरारीदार चाकू ७.६२ सेंटिमीटर आणि त्याहून लांब पात्याचे असतील तर निषिद्ध ठरवले. हा आकडा विचित्र दिसतो. तो बरोबर तीन इंच आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातही कारण न देता खिशात बाळगायच्या मिटत्या चाकूची मर्यादा तीन इंचच. दोन देशांनी माणसाच्या निरुपद्रवीपणाला तीन इंचांची हद्द घालून दिली आहे.

पण दिल्लीच्या त्या अधिसूचनेत लांबीइतकंच उघडण्याच्या तऱ्हेलाही महत्त्व आहे, आणि मला ते जास्त पटतं. गरारीदार म्हणजे जुना रामपुरी. उघडताना दात्यांवरून करकरत जाणारा आवाज ही त्याची अर्धी धमकी. हिंदी सिनेमाने त्या आवाजावर किती खलनायक पोसले! आजकालच्या महागड्या मिटत्या चाकूंना आवाज नसतो, पात्यावर अंगठ्यासाठी खुंटी असते. एका हाताने, क्षणात उघडतात. माझ्या चाकूला नखाची खाच आहे. एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख खाचेत अडकवायचं आणि ओढायचं. नखं नुकतीच कापली असतील तर पंचाईत. रागाच्या भरात हे जमत नाही. घाबरल्यावर तर नाहीच नाही.

तीच गोष्ट लॉकची. उघडलेलं पातं जागच्या जागी अडकून राहिलं तर ते बोटांवर मिटत नाही. वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार केला तर लॉक हवंच. फ्रान्सच्या साव्हाय भागातला लाकडी मुठीचा ओपिनेल १८९० पासून बनतो, पण त्याला पातं अडकवणारी फिरती कडी आली १९५५ मध्ये. तोवर तिथले शेतकरी बोटं सांभाळत चीज आणि फांद्या कापत होते. तरीही ब्रिटनच्या न्यायालयांनी लॉकचा चाकू तीन इंचांच्या सवलतीतून बाहेर काढला. लॉक लागलं की मिटता चाकू मिटता राहत नाही, सुरा होतो. धरणाऱ्याची बोटं वाचवणारी सोयच समोरच्याला जास्त धोक्याची ठरते. ही अडचण कारागिरीने सुटणारी नाही.

मी ठरवलं: तीन इंचांच्या आतला, नखाच्या खाचेचा, बिनलॉकचा. फोन करून भाचीला सांगितलं. ती हसली. "म्हणजे पेरू कापायचा."

"चाकू त्यासाठीच असतो."

"मामा, साताऱ्यात वाघनखं बघायला तूच आम्हाला रांगेत उभं केलं होतंस."

खरं होतं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. ती महाराजांनीच वापरलेली, असं ते लंडनचं संग्रहालयही छातीठोकपणे सांगत नाही. रांगेतल्या कुणाला त्याचं काही नव्हतं, मलाही नव्हतं. आपल्या सामूहिक आठवणीतलं सगळ्यांत लाडकं शस्त्र मुठीत लपवलेलं आहे. मग भाचीच्या पर्समधल्या तीन इंचांना मी नैतिकतेचे धडे कुठल्या तोंडाने द्यावेत?

दोन दिवसांनी मला एक उत्तर सुचलं. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली जे लपवलं गेलं ते एका माणसापासून लपवलेलं होतं. त्याचं नाव माहीत होतं, त्याचा हेतू माहीत होता, भेटीची जागा आणि वेळ ठरलेली होती. भाचीचा चाकू सगळ्या शहरापासून लपवायचा आहे. तिच्या शत्रूला चेहरा नाही. म्हणून पर्समध्ये हात घालून चालताना समोरून येणारा प्रत्येक जण थोडा थोडा तो होतो. एटीएमच्या दारातला रखवालदार, रात्री उशिरा घरी परतणारा डिलिव्हरीवाला, एखादा माझ्यासारखा मामा.

याच राज्यात कोडगूचे लोक लग्नात काळा कुप्या घालून लाल रेशमी पट्ट्यात पीचेकत्ति खोवतात, सगळ्यांना दिसेल अशी, फोटोत नीट यावी म्हणून जरा वरच. शिखांच्या कृपाणाला तर राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणातच जागा आहे. कोकणात नारळाच्या झाडावर चढणारा माणूस कोयता कमरेला लटकवून भर बाजारातून जातो. दिसणाऱ्या पात्याचं कारण तेवढ्यानेच सगळ्यांना कळतं. ते कुणाबद्दल संशय बाळगत नाही.

हे सगळं मी भाचीला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी कोयता कमरेला लावून साडेदहाला उतरू का?"

त्यावर मला उत्तर नव्हतं. मग ती जे म्हणाली ते अजून खुपतं. "तुझा चाकू चालतो, कारण तुला तो लागत नाही."

मागे एकदा मेट्रोच्या एका स्थानकावर स्कॅनरमधून जाताना माझा चाकू सापडला होता. तपासणाऱ्या मुलाने तो हातात घेऊन पाहिला, हसला, "अंकल, नेक्स्ट टाइम बेडा" म्हणाला आणि मला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. पांढरे केस, चष्मा, हातात भाजीची पिशवी. विशीतला, मळक्या शर्टातला, भाषा न येणारा एखादा मजूर त्याच चाकूसह तिथे असता तर? हत्यार की अवजार हे हेतूवर ठरतं असं मी मघापासून म्हणतो आहे, पण हेतू कुणाला दिसत नाही. दिसतो तो माणूस. माझा चाकू अवजार ठरण्यात माझ्या हेतूपेक्षा माझ्या वयाचा आणि कपड्यांचा वाटा मोठा असावा.

शिवाय खरं सांगायचं तर तिचं वाक्य पूर्ण बरोबरही नव्हतं. वीज गेलेल्या रस्त्यावरून येताना, मागे पावलं वाजली की माझा हात खिशात जातो. तिथे पेरू नसतो.

डिसेंबर २००५ मध्ये याच शहरात कॉल सेंटरवर निघालेल्या एका तरुणीला न्यायला नेहमीच्याऐवजी दुसराच चालक आला आणि तिचा खून झाला. त्यानंतर रात्रपाळीच्या गाड्यांसाठी नियम आले, गाडीत रक्षक आले. ही लांबची, किचकट वाट. दुसरी वाट मुंबईने पाहिली: दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर, जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेने बायकांना चाकू वाटले. तेव्हा मला तो तमाशा वाटला होता. आज त्या रांगेत हात पुढे करणाऱ्या बायकांची आठवण होते. हातात काहीतरी मिळत होतं, आणि त्याआधी काय मिळालं होतं? तरी तो चाकू त्यांना एक गोष्ट न बोलता सांगत होता: रस्ता आहे तसाच राहील, तुमचं तुम्ही बघा.

आणि चाकू बघणार तरी काय? स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, जरुरीपेक्षा जास्त इजा करू नये या अटीसह. ती जरूर अंधारात, दोन सेकंदांत, वीतभर अंतरावरून मोजायची. चाकू चालवायला माणूस तितका जवळ येऊ द्यावा लागतो, आणि तितका जवळ आलेला बलवान माणूस तो हिसकावूही शकतो. मिरचीचा फवारा निदान हातभर लांबून चालतो; पण २०२४ मध्ये बेंगळुरूतल्याच एका भांडणाच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यालाही घातक हत्यार म्हटलं. भाचीने तो आधीच ऑनलाइन मागवला होता. मला सांगितलं नव्हतं इतकंच.

मी पुन्हा चिकपेटला गेलो आणि ठरवलेला चाकू घेतला. या वेळी दुकानदाराने काही विचारलं नाही. चाकू देताना मला जाणवलं की मी स्वतःसाठीही काहीतरी विकत घेतलं होतं: दोनशे रुपयांत, रात्री फोन न करण्याची मोकळीक. ती मी वापरायची नाही असं ठरवलं. पाळीच्या तीन रात्री पावणेअकराला मी तिला फोन करतो आणि ती खोलीचं कुलूप उघडेपर्यंत आम्ही काहीबाही बोलतो. बहुतेक वेळा साताऱ्याच्या बातम्या. पहिल्या आठवड्यात तिला ते जाचक वाटलं. आता कधी मी विसरलो तर तिचाच मिस्ड कॉल येतो. त्या रस्त्यावरचे दोन दिवे बंद आहेत. तक्रार केली आहे, अजून लागलेले नाहीत.

गेल्या रविवारी ती जेवायला आली. येताना सीताफळं आणि एक मोठं पार्सल घेऊन आली. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून चाकू काढला, नख खाचेत अडकवून दोन्ही हातांनी उघडला आणि चिकटपट्टी कापायला लागली. पातं घसरत होतं. खोली बदलताना महिनाभर पुठ्ठे कापले होते, आणि पुठ्ठ्याने धार लगेच जाते.

"मामा, इथे धारवाला कुठे येतो?" तिने विचारलं. पूर्वी आमच्या गल्लीत सायकलवर यायचा. बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता. मी माळ्यावरून सहाणेचा जुना तुकडा काढला आणि आम्ही बेसिनपाशी उभे राहिलो.