टाकलेलं जातं कुठे

हिवाळ्याच्या सुट्टीत लंडनला गेलेला माणूस थेम्सच्या काठी फार वेळ बसत नाही. वारा बोचरा असतो. डिसेंबरात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. तरी एखादी सकाळ स्वच्छ निघते, दक्षिण काठावरच्या बाकावर कोवळं ऊन येतं. अशा सकाळी काही न करता नदीकडे बघत बसावं.

आधी दिसतात प्रवासी बोटी. काचेच्या, चकचकीत, वेगाने जाणाऱ्या. त्या गेल्यावर पाणी थोडा वेळ हलत राहतं. मग पुलाच्या कमानीखालून एक बुटकी टगबोट पुढे येते. तिच्यामागे जाड दोरखंडांनी बांधलेले रुंद, सपाट बार्ज. बार्जवर पिवळे कंटेनर, एकाला एक लावून नीट रचलेले. सेंट पॉलचा घुमट मागे पडतो, टॉवर ब्रिज जवळ येतो, आणि ही पिवळी रांग संथपणे जात राहते. पर्यटक फोटो काढतात. राखाडी पाण्यावर तो रंग खुलून दिसतो.

त्या कंटेनरांत लंडनचा कचरा असतो.

घराघरांतून, कचेऱ्यांतून, दुकानांतून गोळा झालेला. वॉन्ड्सवर्थला, बॅटरसीला आणि सदर्क पुलाजवळच्या वॉलब्रुक धक्क्यावर तो बार्जवर चढतो. वॉलब्रुकला क्रेन चालू असली की काठावरची पायवाट तेवढा वेळ बंद करतात. सुटाबुटातली माणसं थांबतात, धावायला निघालेली माणसं थांबतात. समोर एक पिवळी पेटी उचलली जाते आणि अलगद पाण्याच्या बाजूला उतरते. आपणच परवा टाकलेल्या वस्तूंना आज वाट करून द्यायची, एवढ्यासाठी सगळे उभे असतात.

थेम्स लंडनमध्ये निम्मी नदी आणि निम्मी खाडी आहे. वर टेडिंग्टनपर्यंत भरती चढते. लंडन ब्रिजपाशी पाणी सात मीटरपर्यंत वरखाली होतं, तेही दिवसातून दोनदा. ओहोटी पुरती लागली की धक्क्यालगतचे बार्ज चिखलात बसतात. भरती पुरती आली की पुलाखालची जागा कमी होते. टगवाल्याला या दोन्हींच्या मधली वेळ साधावी लागते. ओहोटीबरोबर भरलेलं न्यायचं, भरतीबरोबर रिकामं आणायचं. पाण्याच्या जोरावर ज्याचं काम चालतं, त्याला पाण्याची वेळ पाळावीच लागते.

एके काळी याच पाण्यावरून जगभरचा माल शहरात यायचा. चहा, साखर, मसाले, मुंबईहून निघालेला कापूसही. या नदीवरच्या नावाड्यांची संस्था १५५५च्या कायद्याने उभी राहिली, इतका हा व्यवसाय जुना. पुढे जहाजं मोठी झाली, कंटेनर आले, आणि शहरातल्या गोद्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९८१मध्ये रॉयल डॉक्सही थांबल्या. ज्या नदीने शहराला हवं ते आणलं, तीच आता शहराला नको ते नेते. दोन्ही ओझी तिने सारख्याच शांतपणे वाहिली.

पूर्वी हा कचरा एसेक्समधल्या मकिंगच्या दलदलीत पुरला जायचा. तो भराव आता बंद झाला आहे. त्यावर माती पडली, गवत उगवलं, पक्षी आले, आणि २०१३पासून तिथे निसर्गउद्यान आहे. आजचा कचरा मकिंगच्या बराच अलीकडे, बेल्व्हेडिअरला उतरतो. तिथे तो जाळून वीज तयार करतात. राख पुन्हा बार्जवर चढते आणि टिलबरीला जाते. तिच्यापासून बांधकामासाठी, रस्त्यांसाठी खडी होते. टाकलेला कागद कुणाच्या खोलीतला दिवा होऊन परत येतो. मात्र ज्या गावात भट्टी जळते, तिथेही माणसं राहतात. उजेड सगळ्या शहराला मिळतो, धुरांडं एकाच गावाच्या आकाशात असतं.

टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती आपल्या नजरेआड होते, आणि तिथून पुढे ती दुसऱ्या कुणाचं तरी काम असते. पुण्याने सकाळी दाराबाहेर ठेवलेलं उरुळी-फुरसुंगीने वर्षानुवर्षं सोसलं. मुंबईचं देवनारने. त्या गावांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. तिथल्या सकाळी ठाऊक नाहीत.

माणसांमाणसांतही असंच चालतं. बाहेर झालेला अपमान, प्रवासातली चिडचिड, हुकलेल्या गोष्टीचा कडवटपणा आपण घरी आणून टाकतो. दोन तिरकस शब्द, एक आपटलेलं दार. आपल्याला हलकं वाटतं. पण ते शब्द कुठेतरी उतरतात. बहुतेक घरांत ते उतरवून घेणारं एक माणूस असतं. कधी आई, कधी आजी, कधी अबोल वडील, कधी पाठची बहीण. ते उलट बोलत नाही. मिळालेलं सारं आतल्या आत जाळतं, आणि संध्याकाळी घरात दिवा लागलेला असतो, ताट वाढलेलं असतं. हा उजेड कशावर चालतो, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. त्या माणसाच्या वाट्याला राख येत असेल, हेही मनात येत नाही.

टाकल्यावाचून कुणालाच जगता येत नाही. शहराला नाही, माणसालाही नाही. मन मोकळं करायला कुणीतरी हवंच, आणि असं कुणी असणं हे मोठं भाग्य आहे. पण टगवाला पाण्याची वेळ बघूनच निघतो. आपणही समोरच्या माणसाची वेळ बघावी. त्याचं स्वतःचंच आज काठोकाठ भरलं असेल, तर थोडं थांबावं.

आणि ज्या दिवशी आपण रिकामे असू, त्या दिवशी आपण होऊन त्याच्याकडे जावं आणि विचारावं, आज तुझं काही न्यायचं आहे का?