चित्रपटाचा दाखला आणि मायबाप

चित्रपट सुरू होण्यापूर्वीं पडद्यावर कांहीं क्षण एक दाखला झळकतो. त्या वेळीं लोक जागा शोधण्यांत किंवा शेजाऱ्याशीं बोलण्यांत गुंतलेले असतात, त्यामुळें तो फारसा कोणी वाचीत नाहीं. परंतु त्यावरील एकदोन अक्षरांत मायबापांस उद्देशून एक प्रश्न केलेला असतो, आणि त्याचें उत्तर देण्याचें काम सरकारनें आपल्याकडे ठेविलेलें नाहीं.

आपल्या देशांत हा दाखला देणारें मंडळ १९५२ च्या कायद्याप्रमाणें चालतें. आरंभीं वर्ग दोनच होते : ‘यू’ म्हणजे सर्वांस मोकळा, व ‘ए’ म्हणजे अठरा वर्षें पुरीं झालेल्यांसच. १९८३ सालीं ‘यूए’ हा मधला वर्ग आला. (वैद्यांसारख्या विशिष्ट लोकांपुरता ‘एस’ही आला, त्याच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं.) २०२३ च्या दुरुस्तीनें ‘यूए’चे सात, तेरा व सोळा वर्षांवरील असे तीन भाग पडले. आतां यांतील भेद वाचकांनीं नीट पाहावा. ‘ए’ चित्रपटास अल्पवयी मुलास आंत घेतलें तर चित्रपटगृहवाला दोषी ठरतो. ‘यूए’ची सूचना मात्र मायबापांसाठींच आहे; ती इतर कोणीं अमलांत आणावयाची नाहीं, असें कायदाच म्हणतो. दारावरचा मनुष्य आपणांस अडविणार नाहीं.

कोणी म्हणेल, मंडळावरील माणसें शिकलेलीं. शेतांत राबणाऱ्या बापास त्यांच्याहून अधिक काय कळणार? माझ्या मतें एक गोष्ट खात्रीनें अधिक कळते. मंडळानें चित्रपट पाहिला आहे, मूल पाहिलेलें नाहीं. ज्या घरांत बाप दारू पिऊन हात उगारतो, त्या घरांतील मुलीस तसेंच एक दृश्य रात्रभर जागें ठेवील. शेजारची मुलगी तेंच पाहून विसरून जाईल. दोघींचें वय एकच, आणि अक्षरही एकच.

तें अक्षर चांगल्या-वाइटाचा निवाडा आहे असें समजणें हीही चूकच. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं चार मोठ्या शहरांतील श्रीमंतीचा थाट व तेथील गरिबांचे हाल यांवर एक लघुपट केला. त्यांत मुंबईच्या वेश्यावस्तीचीं दृश्यें होतीं, म्हणून त्यास ‘ए’ मिळाला. अब्बास सर्वोच्च न्यायालयांत गेले. खटला चालू असतांच सरकारनें कांहीं न कापतां ‘यू’ देण्याचें कबूल केलें. तथापि वयावरून चित्रपटांची वर्गवारी करणें रास्त आहे, असा निकाल न्यायालयानें १९७० सालीं दिला. तो चित्रपट तर समाजाच्या दुःखाकडे बोट दाखविणारा होता. उलटपक्षीं ‘यू’च्या चित्रपटांत रक्त नसेल, शिवी नसेल, परंतु सांवळ्या मुलीची किंवा तोतऱ्या नोकराची थट्टा करून लोकांस हसविलेलें असूं शकतें. मूल तें शाळेंत नेतें आणि ज्यास लागावयाचें त्यास लागतें. अशा थट्टेस कोणतें अक्षर लावावें?

आतां तर चित्रपटगृहाची वाटही धरावी लागत नाहीं. फोन खिशांत आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणें इंटरनेटवरून चित्रपट दाखविणाऱ्यांनीं हेच वयाचे वर्ग लिहावयाचे, व तेरा वर्षांवरील वर्गांसाठीं मायबापांस कुलूप लावण्याची सोय द्यावयाची. सोय चांगली आहे. पण खेड्यांतील कित्येक घरांत बापाचा फोन मुलगाच चालवून देतो. कुलूप लावावयाचें झालें तर तेंही त्याच्याच हातून लावून घ्यावें लागेल. मग किल्ली कोणापाशीं राहिली?

यापेक्षां मुलाशेजारीं बसून पाहावें, आणि मागाहून त्याला काय वाटलें तें विचारावें. यास वेळ लागतो. दिवसभर मजुरी करून आलेल्या आईस तो कोठून मिळावा, हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु ज्या एका खोलीच्या घरांत रात्रीं दिवा मालवून वडील माणसें ‘ए’चा चित्रपट लावून बसतात, तेथें वेळेची अडचण नसते. मूल भिंतीकडे तोंड करून झोंपलें आहे, असें तीं धरून चालतात.