सही कोणाची?

3 ऑगस्ट हा आता अवयवदान दिन. 1994 साली याच दिवशी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं, म्हणून ही तारीख. कॉलेजांत शपथा होतात, अर्ज भरले जातात, कार्ड हातात धरून फोटो काढले जातात. आधार क्रमांक टाकून घरबसल्याही नोंदणी करता येते. विशीतल्या पोरांना हृदय, यकृत, मूत्रपिंडं देऊन टाकताना फार विचार करावा लागत नाही, कारण मरण त्यांच्या हिशेबातच नसतं. त्यात वाईट काही नाही. पण या उत्साहावरून लोकांचं मत बदललं असं समजायची घाई नको. भारतात मरणोत्तर अवयवदात्यांचं प्रमाण अजून दहा लाख लोकसंख्येमागे एकाच्याही खाली आहे; स्पेनमध्ये गेल्या काही वर्षांत ते 40च्या वर आहे.

आपण मरणार कसे, याचा विचार कार्डावर सही करताना कुणी करत नाही. बहुतेकांचं हृदय उतारवयात, घरी नाहीतर वॉर्डात थांबतं. त्यानंतर यकृत किंवा मूत्रपिंड आपल्याकडे सहसा कुणाच्या कामी येत नाही. कामी येतात ते डोळे आणि त्वचा, आणि त्यासाठी साधारण सहा तासांची मुदत असते. त्वचा मांड्यांवरून आणि पाठीवरून काढतात, तीही वरचा पातळ पापुद्रा. ग्लिसरॉलमध्ये टिकवलेला हा पापुद्रा भाजलेल्या माणसाच्या जखमेवर लावला की शरीरातलं पाणी झिरपणं कमी होतं, जंतुसंसर्गाला आळा बसतो, आणि त्याला स्वतःची त्वचा येईपर्यंत सवड मिळते. मुंबईत सायन हॉस्पिटलात त्वचापेढी आहे, पण त्वचादानाची शपथ घेतलेला माणूस मला क्वचितच भेटतो. भाषणांतून धडधडतं ते हृदयच.

माझी मावशी या बाबतीत अगदी स्पष्ट होती. "काय न्यायचं ते न्या, डोळे तेवढे नकोत रे बाबा." पुढच्या जन्मी आंधळं व्हायची भीती असणार, असं घरातल्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. विचारल्यावर ती म्हणाली, "शेवटचं दर्शन घ्यायला लोक येणार ते तोंडाचंच ना? तिथे खड्डे दिसले तर?" डोळे काढल्यावर पापण्या नीट मिटलेल्या राहतात, चेहरा विद्रूप होत नाही, अनेकदा तर वरचा पारदर्शक पडदाच काढून घेतात, हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. हरकत साधी होती आणि तिला उत्तरही होतं. आपण मात्र अशा प्रत्येक नकारावर अंधश्रद्धेचा शिक्का मारून मोकळे होतो.

खरं तर धर्म इथे म्हणतात तेवढा आडवा येत नाही. अपघात झाला की पोस्टमॉर्टेम होतं, त्यात देह उघडला जातो, आणि तरी त्याच देहाचे अंत्यसंस्कार, दहावं, पिंडदान सगळं यथासांग पार पडतं. आत्म्याला त्रास होईल म्हणून शवविच्छेदन अडवणारी माणसं फार थोडी. मराठवाड्यात जन्मलेले, संघपरंपरेतले नानाजी देशमुख यांनी देहदानाची इच्छा लिहून ठेवली होती आणि 2010 साली त्यांचा देह एम्सला दिला गेला. बाकी व्यासपीठावरून दरवेळी दधीची ऋषींना बोलावण्याचा मला आताशा कंटाळा येतो. इंद्राचं वज्र घडवण्यासाठी हाडं देणारा ऋषी समोर उभा केला की साध्या माणसाला वाटतं, एवढं मोठेपण काही आपल्याच्याने झेपायचं नाही.

खरी अडचण आयसीयूच्या बाहेर आहे. हृदय, यकृत, फुप्फुसं द्यायची तर सहसा मृत्यू एका विशिष्ट प्रकारचा लागतो: डोक्याला मार बसून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन मेंदूचा देठ कायमचा निकामी झालेला, आणि व्हेंटिलेटरवर हृदय अजून चालू. चार डॉक्टर तपासणी करतात. अवयव काढणाऱ्या किंवा बसवणाऱ्या चमूतलं त्यांच्यात कुणी नसतं. डोळ्यात प्रकाश टाकून बाहुली आक्रसते का ते बघतात, बुबुळाला कापसाची वात लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून नुसता प्राणवायू चालू ठेवतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. मेंदूच्या देठात थोडी जरी धुगधुगी असेल तर छातीने श्वासासाठी धडपड करायला हवी. सगळे त्या छातीकडे बघत उभे असतात. ती हलत नाही. निदान सहा तासांनी हे सगळं पुन्हा एकदा करतात.

हे आत चालू असतं. बाहेर बाकावर बसलेल्या काकांना एवढंच कळतं, की मघाशी हात धरला तेव्हा तो गरम होता, मॉनिटरवर रेघ चालत होती, आणि आता कुणीतरी येऊन म्हणतं, तो गेला. अवयव द्याल का? या माणसाने हो म्हणावं अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही, पण नाही म्हणाला तर त्याला अडाणी ठरवणं मला पटत नाही. डोळ्यांना जे दिसतंय त्याच्या नेमकं उलट सांगणाऱ्यावर त्याने विश्वास ठेवायचा आहे. आणि तो विश्वास बसावा असं आपण काय केलंय?

कायद्याचंच बघा. 1994च्या प्रत्यारोपण कायद्यात मेंदूमृत्यू हा मृत्यू आहे. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या मृत्यूच्या व्याख्येत मेंदूच्या देठाचा उल्लेखही नाही. त्यामुळे घरच्यांनी हो म्हटलं की रुग्ण मृत ठरतो. नाही म्हटलं तर तोच रुग्ण, त्याच खाटेवर, अनेकदा व्हेंटिलेटरवर तसाच राहतो आणि बिलाचा आकडा वाढत जातो. माणूस मेला की नाही हे त्याचे अवयव मिळणार की नाही यावर अवलंबून आहे, असा संशय नातेवाइकांना आला तर त्यांचं काय चुकलं? ही तफावत संसदेनेच दूर करायला हवी. जनजागृतीच्या पोस्टरांनी ती मिटणार नाही.

दुसरं, किडनी रॅकेट. 2016 साली मुंबईत खोट्या कागदपत्रांवर बायको उभी करून किडनी विकत घेतल्याचं प्रकरण उघड झालं, डॉक्टरांना अटक झाली. अशी प्रकरणं जिवंत माणसाच्या किडनीची असतात. मेंदूमृत व्यक्तीचे अवयव विभागीय समितीकडच्या प्रतीक्षायादीनुसार दिले जातात, तिथे असा सौदा करणं बरंच अवघड. पण पेपर वाचणारा हा फरक करत बसत नाही. त्याच्या डोक्यात एवढंच राहतं, की डॉक्टर किडन्या काढून विकतात. गंमत अशी, की मरणोत्तर दान वाढलं तर गरिबाची किडनी विकत घेण्याची निकडच कमी होईल. म्हणजे ज्या भीतीपोटी नकार येतो, त्या भीतीला खतपाणी त्या नकारातूनच मिळतं.

मग कायदाच उलटा करावा, नकार नोंदवला नसेल तर होकारच धरावा, असं काही जण सुचवतात आणि स्पेनचा दाखला देतात. तो दाखला अर्धवट आहे. स्पेनमध्ये असा कायदा 1979 पासून आहे, पण दात्यांची संख्या वाढली ती 1989 नंतर, राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहून रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले तेव्हापासून. तिथे आजही घरच्यांना विचारल्याशिवाय अवयव काढत नाहीत. ती संघटना उभारणारे डॉ. राफाएल मातेसान्स हेच सांगत आले, की कायद्याने फारसा फरक पडलेला नाही. आपल्याकडे, जिथे सरकारी इस्पितळात बेड मिळवायलाही ओळख लागते, तिथे न विचारता देह सरकारजमा होतो अशी नुसती कुजबुज झाली, तरी आज मिळतात ते दातेही गमावून बसू.

आपल्या कायद्यात माणसाच्या स्वतःच्या इच्छेला तशी किंमत आहे. दोन साक्षीदारांसमोर, त्यातला निदान एक जवळचा नातेवाईक, अशी लेखी संमती दिलेली असेल आणि ती मागे घेतल्याचं दिसत नसेल तर ती पुरेशी आहे. व्यवहारात मात्र घरच्यांच्या सहीशिवाय कुणी पुढे जात नाही. मीही संमती लिहून दिली आहे, पण माझा भरवसा त्या कागदापेक्षा घरात झालेल्या बोलण्यावर जास्त आहे. ते बोलणंही सहज झालं नाही. "हे काय भलतंच, जेवताना?" इथूनच सुरुवात झाली होती.

आणि घरचे म्हणजे नेमकं कोण? जिवंतपणी किडनी देण्याची वेळ आली की आई आणि बायको पुढे होतात. जिवंत दात्यांत बायका जास्त आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष कितीतरी जास्त, हे आपल्याकडचं जुनं चित्र आहे. त्याच बाईचा नवरा मेंदूमृत झाला की निर्णय घ्यायला दीर, चुलत सासरे, गावाहून निघालेले कुणी मोठे दादा हवे असतात. कायद्याला तिची सही चालते. ते दादा पोचून नको म्हणाले तर मात्र तिची सही होतच नाही. "ते मला स्वतः म्हणाले होते" एवढं तिला सांगता आलं, तर दिरासमोर तिच्या स्वतःच्या मतापेक्षा त्या वाक्याला वजन जास्त येतं. हे काही भूषणावह नाही. पण सध्या तिच्या हाती तेवढंच आहे, आणि तेही नवरा खरंच कधी तिच्यापाशी या विषयावर बोलला असेल तर.