नाव कोणाचे?

ओझरच्या गणपतीच्या नावात त्यानेच हरवलेल्या असुराचे नाव आहे. अभिनंदन राजाचा यज्ञ मोडायला इंद्राने विघ्नासुर धाडला, गणेशाने त्याला नमवले, आणि शरण आलेल्या असुराने मागणे मागितले की देवाच्या नावाआधी आपले नाव घेतले जावे, अशी कथा आहे. म्हणून इथला देव विघ्नेश्वर. नाव देवाचे, अर्धा शब्द असुराचा, घेणारे भक्त. मालकी कोणाची म्हणावी?

स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, घेणाऱ्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. समाजमाध्यमावरचे खाते म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यातले बिऱ्हाड. वाडा सोडला की पत्ताही सुटतो. डोमेन असले की संकेतस्थळाचे बिऱ्हाड एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले तरी पत्ता बदलत नाही. मात्र ‘डोमेन विकत घेतले’ हे बोलणे फसवे आहे. डॉट कॉम किंवा डॉट इन नाव एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी नोंदवता येते. नूतनीकरण चुकले आणि वाढीव मुदतही उलटली, की ते कोणीही घ्यावे. हिंदू देवस्थानात जमीन देवाच्या नावावर असते आणि कारभार विश्वस्त पाहतात. डोमेनधारकाचे नाते मालकापेक्षा या विश्वस्ताशी अधिक जुळते. फरक इतकाच की इथे मूर्तीच्या जागी तो स्वतःच असतो.

गावांना एकच नाव वाटून घेता येते. विघ्नेश्वराचे ओझर जुन्नर तालुक्यात आहे, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातही एक ओझर आहे, आणि एसटीचा प्रवासी गोंधळला तर तालुका सांगून मोकळा होतो. डोमेनव्यवस्थेत डॉट इनच्या आधी ते नाव एकालाच मिळते, सहसा आधी नोंदवणाऱ्याला. पण नोंद म्हणजे सर्वस्व नव्हे. सत्यम इन्फोवे खटल्यात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोमेननावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे ठरवले. लोक त्या नावाने कोणाला ओळखतात, हे तिथे मोलाचे ठरते. विघ्नेश्वराचे नावही अशाच ओळखीवर चालत आले आहे.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राजपरिवाराच्या मूर्ती होत्या. आज पावलांचे थोडे अवशेष उरले आहेत, पण वर कोरलेली सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावे वाचता येतात. तिथे रूप गेले, नाम टिकले. संकेतस्थळाचे उलट होते: पाने सर्व्हरवर जशीच्या तशी असली, तरी नोंदणीचे पैसे थकले की नाव जाते.