देवाने सांगितलं, पण सोसलं कोणी?

जळगावच्या एका विवेकवादी स्नेह्याने गेल्या दिवाळीत लिहिलं, की ख्रिस्ती माणसाचं ‘प्रार्थनेत ठेवून’ ठरवणं म्हणजे जबाबदारी झटकण्याची सोज्वळ तऱ्हा. त्याला उत्तर द्यायला बसावं, तर आमचेच लोक आडवे येतात. पाचोऱ्यात उन्हाळी सभांना आलेले एक प्रवचनकार सांगून गेले : डोळे मिटा, पवित्र शास्त्र उघडा, बोट पडेल ते प्रभूचं उत्तर. दुसऱ्या दिवशी प्रार्थना-विनंत्यांच्या डब्यात चिठ्ठी निघाली, ‘ठिबकसाठी कर्ज काढू का? हो की नाही ते कळवावे.’ खाली नाव नव्हतं, गट नंबर मात्र होता. देवाचा शेताच्या बाबतीत घोळ होऊ नये म्हणून असेल.

प्रवचनकारांकडे पुरावा म्हणून शास्त्रातल्या गिदोनाची लोकर होतीच : देवाकडे खूण मागायला त्याने ती पसरली होती. पण गिदोनाला काय करायचं ते देवाने आधीच सांगितलं होतं. लोकर पसरली ती धीर होईना म्हणून. प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, हेही खरं. मात्र ती पवित्र आत्मा उतरण्याआधी. पुढे परराष्ट्रीयांच्या सुंतेचा प्रश्न पेटला, तेव्हा यरुशलेमेत चिठ्ठ्या निघाल्या नाहीत. चांगला कडाक्याचा वाद झाला आणि मग पवित्र आत्म्याला व आम्हांला हे योग्य वाटलं, असं पत्र गेलं. त्यातलं ‘आम्हांला’ आमचे प्रवचनकार नेहमी गाळतात.

या बाबतीत माझा भरवसा पंडिता रमाबाईंवर. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वॉन्टेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुषांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात नाव खराब होईल, ही काळजी. आणि ती कोणाला सांगायची, तर भरसभांत शास्त्र्यांपुढे बोललेल्या बाईला! वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी चर्चच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश केला. रमाबाईंचं म्हणणं साफ होतं : एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. देवाचं ऐकेन, देवाच्या वतीने बोलतो म्हणणाऱ्याचं तपासून घेईन.

1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिथल्या दुष्काळग्रस्त मुली आणायला निघाल्या. मुंबई-जबलपूर लाइन पाचोऱ्यावरूनच जाते, म्हणजे बहुधा इथूनच गेल्या असतील. प्रार्थना केलीच, पण आईबाप दुष्काळात गेलेले डोळ्यांदेखत पाहिलेल्या बाईला बोट ठेवून वचन शोधावं लागलं नसावं.

इथवर स्नेह्याला उत्तर झालं, असं म्हणून लेखणी ठेवता आली असती. पण मग रेव्हरंड ना. वा. टिळकांचं काय करायचं? 1893 मध्ये आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी वाचलं, झगडले, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कोणा पाळकाने ढकललं नाही, बोटबीट ठेवलं नाही. रमाबाईंच्या ज्या स्वतंत्र विवेकाचं मी आत्ता कौतुक केलं, तोच हा. फक्त त्यांच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, मागाहून कळलं. पदरात लहानगा दत्तू, सोवळंओवळं जिवापाड, आणि नवऱ्याच्या अंतःकरणात देव काय बोलला त्यापायी घर मोडलेलं.

तेव्हा विवेक स्वतंत्र असणं पुरत नाही, असं आता मला वाटू लागलंय. ‘प्रभू माझ्याशी बोलला’ म्हणणाऱ्याला आधी विचारावं : ज्याला हे निस्तरायचंय त्याच्याशी तू बोललास का? कर्जाला जामीन राहणाऱ्या भावाशी? नोकरीसाठी पुण्याला निघताना मागे राहणाऱ्या आईशी? यरुशलेमेचा वाद मला आता याच अर्थाने वाचावासा वाटतो. जे ठरेल ते ज्यांच्या अंगावर येणार, त्यांच्यात काय घडलंय हे बर्णबा आणि पौलाने तिथे उभं राहून सांगितलं, आणि सभेने ते गप्प राहून ऐकलं.

लक्ष्मीबाई 1900 साली ख्रिस्ती झाल्या, त्या नवऱ्याच्या दृष्टान्तावर नव्हे. आधी जातिभेद देवाने केला की माणसाने याचा त्यांनी स्वतःशी निकाल लावला, पाणी कोणाच्या हातचं प्यायचं ते ठरवलं, बाकीचं नंतर. माझ्या स्नेह्याच्या लेखात टिळक होते, प्रवचनकारांच्या प्रवचनातही होते. लक्ष्मीबाई दोघांकडेही नव्हत्या.