खिळ्यावरची तसबीर

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शेतकरी आत्महत्येची बातमी करायला मी आणि आमचा छायाचित्रकार एका घरी गेलो होतो. तो काही बोलायच्या आत त्या घरातल्या बाईने खिळ्यावरून नवऱ्याची तसबीर काढली, पदराने काच पुसली आणि दाराशी, उजेडात, ती छातीशी धरून उभी राहिली. आमच्या आधी तीन-चार जण येऊन गेले होते. पत्रकार आले की काय करायचं असतं, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. फोटो उत्तम आला, पहिल्या पानावर लागला.

त्यात खोटं काही नव्हतं. तिची हरकत नव्हती, नाव बरोबर होतं, कर्जाचा आकडा आम्ही तपासला होता. कुठल्याही आचारसंहितेला बोट ठेवायला जागा नव्हती. तरी तो फोटो मला टोचतो. बातमी छापून येईपर्यंत आपण योग्य-अयोग्याचा काथ्याकूट करतो आणि छापून आली की हात झटकतो, ही सवय मला त्या दारात पहिल्यांदा दिसली.

या सवयीचं आपल्याकडचं ठळक उदाहरण 1981 सालचं आहे. ‘इंडियन एक्स्प्रेस’चे अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातल्या शिवपुरीजवळच्या गावची एक बाई 2300 रुपयांना विकत घेतली, तिला दिल्लीला आणलं आणि ते पहिल्या पानावर लिहिलं. पंजाबात म्हशीला पडते त्याच्या निम्म्या किमतीत बाई मिळते, हे वाचून देश हादरला. अरुण शौरी तेव्हा तिथे कार्यकारी संपादक होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पत्रकाराने स्वतः गुन्हा करून गुन्हा उघडकीला आणावा का, यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली आणि पत्रकारितेच्या वर्गांत ती आजही होते. मला विचाराल तर हा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. बाजार भरतो, पोलिसांना ठाऊक असतं आणि पुरावा मात्र कोणाकडे नसतो, अशा वेळी कायद्याची रेघ ओलांडणाऱ्या वार्ताहराच्या बाजूने मी उभा राहीन.

अवघड प्रश्न विचारला तो विजय तेंडुलकरांनी. याच घटनेवरून सुचलेल्या ‘कमला’ नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव विकत आणलेल्या बाईला पत्रकार परिषदेत उभी करतो, काम झाल्यावर तिची रवानगी आश्रमात करतो आणि तिच्याशी आपण क्रूर वागलो हे त्याच्या गावीही नसतं. कमला मात्र त्याच्या बायकोला, सरिताला, सहज विचारते की तुला केवढ्याला आणलं. या प्रश्नामुळे नाटक स्त्रीच्या गुलामीचं म्हणून ओळखलं गेलं आणि ते बरोबरच आहे. पण आमच्या धंद्याने त्यातली आपल्या वाटणीची चपराक फारशी मनावर घेतली नाही. बातमीत ती बाई पुरावा होती. पुरावा दाखवून झाल्यावर त्याचं काय करायचं, याचं उत्तर जयसिंगपाशी नव्हतं, कारण तो प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

सरीन यांच्या खरेदीला त्याआधीच्या जवळपास शंभर वर्षांपूर्वीचा पूर्वज आहे. 1885 साली लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’चे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी एलायझा आर्मस्ट्राँग नावाची तेरा वर्षांची मुलगी पाच पौंडांत ‘विकत’ घेण्याची व्यवस्था केली. कोवळ्या मुलींचा व्यापार किती सहज चालतो, हे त्यांना दाखवायचं होतं आणि ते त्यांनी दाखवलं. दीड महिन्याच्या आत इंग्लंडमध्ये मुलींचं संमतिवय 13 वरून 16 झालं. (आपल्याकडे 1891 साली 10 चं 12 करताना पुण्यात केवढं रण माजलं होतं!) म्हणजे बातमी यशस्वी, अगदी इतिहासात नोंद व्हावी अशी. पण खरेदी खरी वाटावी म्हणून त्या पोरीची एका सुईणीकडून कौमार्यतपासणी झाली, तिला क्लोरोफॉर्म हुंगवण्यात आलं, कुंटणखान्यात नेण्यात आलं आणि नंतर फ्रान्सला पाठवून देण्यात आलं. तिला यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. बापाची संमती घेतली नव्हती म्हणून स्टेड यांना तीन महिन्यांची कैद झाली. पुढे दरवर्षी शिक्षेच्या दिवशी ते अभिमानाने तुरुंगातले कपडे घालत. शिक्षेची आठवण त्यांनी जपली. एलायझाच्या वाट्याला जे आलं त्याचा वर्धापनदिन कोणी साजरा केल्याचं ऐकिवात नाही.

यावर वार्ताहर मित्र म्हणतात, ‘अरे, आपण समाजसेवक आहोत का? प्रत्येकाच्या आयुष्याची चिंता वाहायची तर अंक निघायचा कधी?’ यात तथ्य आहे. लाच घेताना सापडलेल्या मंत्र्याचं पुढे काय होईल याची काळजी मी करणार नाही. त्याला बाजू मांडायची संधी आणि बिनचूक मजकूर एवढंच मी देणं लागतो. पण विधवा, पीडित मुलगी, विकली गेलेली बाई यांचं दुःख आपण उसनं आणलेलं असतं. अंक त्यावर खपतो, पुरस्कार त्यावर मिळतात. आणि उसनं फेडायचं असतं, हे आपल्याकडे शेजारणीकडून वाटीभर साखर आणणाऱ्या घरालाही कळतं.

संमती घेतली होती, असंही सांगितलं जातं. तेराव्याच्या आत दारात चार अनोळखी पुरुष कॅमेरा घेऊन उभे असताना ‘हो’ म्हणणारी बाई नेमकं कशाला हो म्हणते? मदत मिळेल म्हणून? की नाही म्हणता येतं हेच माहीत नसल्यामुळे?

आस्था असली की हक्क येतो, असंही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर पत्रकार पिंकी विराणी यांनी पुस्तक लिहिलं आणि त्यांना सन्मानाने मरण यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विराणी यांच्या तळमळीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. 7 मार्च 2011 च्या निकालाने निष्क्रिय दयामरणाची वाट देशासाठी खुली केली, पण अरुणाच्या बाबतीत याचिका फेटाळली. तिच्या वतीने बोलायचा अधिकार विराणी यांचा नाही, 37 वर्षं तिला भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या केईएमच्या परिचारिकांचा, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल प्रत्येक वृत्तपत्राच्या डेस्कवर चिकटवून ठेवावा असं मला वाटतं.

संपादकांकडे मागणं छोटंच आहे. अशी बातमी लागली की वार्ताहराच्या डायरीत सहा महिन्यांनंतरची एक तारीख टाका, आणि त्या दिवशी त्याला कॅमेऱ्याशिवाय तिथे जायला गाडीभाडं द्या. छापण्यासारखं काही मिळालं नाही तरी द्या.

मी त्या गावी पुन्हा गेलो नाही. ज्या अंकात तिचा फोटो आला, तो तिच्यापर्यंत पोचवायचंही आम्हांला सुचलं नव्हतं.